सार्जंट जॉन बॅसिलोन, ग्वाडालकॅनालची रात्र आणि अमेरिकी सैन्यदलांमधली चुरस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धातल्या पॅसिफिक आघाडीबद्दल मराठीत वाचायला फार थोडं मिळतं आणि जे मिळतं त्यात आकडे फुगवलेले असतात. मरीन कोअर, लष्कर आणि नौदल यांची सरमिसळही बरीच होते. वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

जॉन बॅसिलोन कोण होते?

जन्म ४ नोव्हेंबर १९१६, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात. घर इटालियन, दहा भावंडांचं. बालपण न्यू जर्सीतल्या रॅरिटन या छोट्या गावात गेलं. १९३४ मध्ये ते सैन्यात गेले, पण ते मरीन कोअरमध्ये नव्हे, तर लष्करात. लष्करी सेवेचा मोठा काळ फिलिपिन्समध्ये गेला. तिथे ते मुष्टियुद्धात चमकले आणि ‘मनिला जॉन’ हे टोपणनाव त्यांना कायमचं चिकटलं. लष्करातून बाहेर पडल्यावर काही काळ ट्रक चालवला आणि १९४० मध्ये ते मरीन कोअरमध्ये भरती झाले.

म्हणजे मरीन कोअर ज्यांचा अभिमानाने उल्लेख करतं, त्या बॅसिलोन यांनी पहिला गणवेश लष्कराचा घातला होता. दोन्ही दलांच्या भांडणाबद्दल बोलताना ही गोष्ट विसरू नये.

मरीन म्हणजे नौदलाचेच सैनिक ना?

नाही. मरीन कोअर हे वेगळं दल आहे आणि त्याचा प्रमुख, म्हणजे कमांडंट, वेगळा असतो. मात्र ते नौदल खात्याच्या छत्राखाली येतं. युद्धनौका नौदलाच्या, किनाऱ्यावर उतरून लढणारे सैनिक मरीन कोअरचे. मरीन कोअरकडे स्वतःचे डॉक्टर, रुग्णसेवक आणि पाद्री नसतात, ते नौदलाकडून येतात.

वाचताना एक गफलत नेहमी होते. ‘सेव्हन्थ मरीन्स’ असं लिहिलेलं असेल तर ती सातवी डिव्हिजन नसून सातवी मरीन रेजिमेंट असते. दुसऱ्या महायुद्धात मरीन कोअरच्या एकूण सहाच डिव्हिजन होत्या. बॅसिलोन यांचा पूर्ण पत्ता, लहान तुकडीकडून मोठीकडे, असा: डी कंपनी, पहिली बटालियन, सातवी मरीन रेजिमेंट, पहिली मरीन डिव्हिजन.

२४-२५ ऑक्टोबर १९४२ च्या रात्री नेमकं काय घडलं?

ग्वाडालकॅनाल हे सॉलोमन बेटांपैकी एक बेट. मरीन तिथे ७ ऑगस्ट १९४२ ला उतरले आणि जपान्यांनी अर्धवट बांधलेली धावपट्टी त्यांनी ताब्यात घेतली. तिचं नाव हेंडरसन फील्ड. पुढची सगळी लढाई या धावपट्टीसाठी होती. ती ज्याच्या हाती, त्याची विमानं भोवतालच्या समुद्रावर दिवसा राज्य करणार.

ऑक्टोबरच्या अखेरीस जनरल मारुयामा यांची सेंदाई डिव्हिजन जंगल तुडवत दक्षिणेकडून आली. त्या बाजूला लेफ्टनंट कर्नल लुईस ‘चेस्टी’ पुलर यांची एकच बटालियन होती. शेजारची मरीन बटालियन पश्चिमेकडे हलवल्यामुळे दोन बटालियनची जागा एकीला सांभाळावी लागत होती. रेषा सुमारे २,५०० यार्ड लांब, म्हणजे सव्वादोन किलोमीटरच्या आसपास. मुसळधार पाऊस पडत होता आणि समोर गर्द जंगल. तारेच्या कुंपणापुढे बरंच अंतर सोडून प्लाटून सार्जंट राल्फ ब्रिग्ज यांची ४६ जणांची टेहळणी चौकी होती. शत्रू जवळून सरकत असल्याची खबर तिथून फोनवरून आली. मध्यरात्र उलटल्यावर हल्ला सुरू झाला.

बॅसिलोन यांच्या हाताखाली जड मशीनगनची दोन सेक्शन, म्हणजे छोटी पथकं, होती. त्यातल्या एका सेक्शनचे सैनिक पडले, उभे राहू शकणारे दोघेच उरले. बॅसिलोन यांनी एक जादा मशीनगन तिथे नेऊन बसवली, दुसरी अडकलेली मशीनगन दुरुस्त केली आणि बदली सैनिक येईपर्यंत ती स्वतः चालवली. पुढे गोळ्या संपत आल्या आणि मागचा रस्ता तुटला. तेव्हा शत्रूमधून वाट काढत ते दारूगोळा घेऊन आले. या रात्रीसाठी त्यांना मिळालेल्या मेडल ऑफ ऑनरच्या, म्हणजे अमेरिकेच्या सर्वोच्च शौर्यपदकाच्या, प्रशस्तिपत्रात एवढंच आहे, आणि ते पुष्कळ आहे.

त्या मशीनगनमध्ये इतकं अवघड काय होतं? ट्रिगर दाबला की झालं ना?

या प्रश्नाचं उत्तर नीट समजून घेतलं तरच त्या रात्रीची किंमत कळते. ही ब्राउनिंग एम१९१७ए१, पाण्याने थंड होणारी मशीनगन. पाण्यासह मशीनगन साडेअठरा किलोच्या आसपास आणि तिवई सुमारे २४ किलो, म्हणजे एकूण ४२ किलोंवर. २५० गोळ्यांच्या पट्ट्याची एक पेटी जवळपास नऊ किलोंची. मिनिटाला ४५० ते ६०० गोळ्या सुटतात, म्हणजे ट्रिगर सोडलाच नाही तर एक पेटी अर्ध्या मिनिटात रिकामी. म्हणूनच गोळ्या वाहून आणणारे हात मशीनगनइतकेच मोलाचे ठरतात.

बिघाड मुख्यतः चार ठिकाणी होतात.

पहिला पाण्याचा. नळीभोवतीच्या जॅकेटमध्ये सुमारे ३.३ लिटर पाणी मावतं. सलग पाच-सहाशे गोळ्या झाडल्या की ते उकळू लागतं. वाफ रबरी नळीतून पाण्याच्या डब्यात सोडायची असते. ही रबरी नळी नसेल तर पाणी भराभर कमी होतं आणि उठणारी वाफ मशीनगनची जागा शत्रूला दाखवते. मशीनगनच्या नळीच्या दोन्ही टोकांना ॲस्बेस्टॉसच्या दोरीचं पॅकिंग असतं. ते झिजलं की गळती सुरू. पाणी संपलं तरी मशीनगन लगेच थांबत नाही, पण नळी तापून खराब होते आणि नेम फाकतो.

दुसरा पट्ट्याचा. पट्टा कापडी होता. कापड भिजलं की फुगतं, गोळी खोबणीत घट्ट बसते आणि मशीनगनला ती ओढून काढता येत नाही. चिखल लागला तर आणखी वाईट. पावसाळी रात्री पट्टे पेटीतच झाकून ठेवायचे आणि गोळ्या एका ओळीत बसल्या आहेत का हे बोटांनी चाचपून पाहायचं, हाच उपाय.

तिसरा हेडस्पेसचा, आणि हा सर्वांत घातक. बंद बोल्ट (गोळीमागचा सरकता भाग) आणि नळीत बसलेली गोळी यांच्यातलं अंतर या मशीनगनमध्ये हाताने जुळवावं लागतं. नळी आट्यांवर फिरवून आत घ्यायची, मग बोल्ट स्वतःहून पूर्ण पुढे जाऊन बंद होईपर्यंत एकेक खाच सैल करत जायची. फार घट्ट राहिली तर बोल्ट बंदच होत नाही. फार सैल राहिली तर काडतूस फाटतं, त्याची मागची चकती बाहेर येते आणि पुढचं नळकांडं चेंबरमध्ये अडकून राहतं. ते काढायला वेगळं हत्यार लागतं. नळी बदलली की हे सगळं पुन्हा करायचं. अंधारात, पावसात, समोर माणसं धावून येत असताना हे फक्त हातांच्या सवयीवर होतं.

चौथा साध्या अडकण्याचा. हँडल पूर्ण मागे ओढा, सोडा, नेम धरा, झाडा. नाही सुटली तर झाकण उघडून पट्टा काढा आणि आत पाहा. बॅसिलोन यांनी शांततेच्या वर्षांत हे इतकं घोटलं होतं की त्या रात्री ते खंदकाखंदकांतून फिरत अडकलेल्या मशीनगन चालू करू शकले. त्यांचं शौर्य मुष्टियोद्ध्याच्या दंडांपेक्षा या कारागिरीत जास्त होतं, असं आम्हाला वाटतं.

त्यांनी एकट्याने ३,००० जपानी सैनिक रोखले हे खरं का?

नाही. ही गोष्ट समाजमाध्यमांवर फिरते. प्रशस्तिपत्रात बॅसिलोन यांनी वैयक्तिकरीत्या किती जणांना मारलं याचा आकडाच नाही. एक जपानी रेजिमेंट जवळजवळ नष्ट होण्यात त्यांचा मोठा वाटा होता, असं त्यात म्हटलं आहे. ‘वाटा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. त्या रात्री तोफखाना, उखळी तोफा, तारेचं कुंपण, पुलर यांचे बाकीचे सैनिक आणि लष्कराचे सैनिक हे सगळे लढत होते. एकट्याची गोष्ट सांगितली की शेजारच्या खंदकात मेलेला माणूस पुसला जातो.

लष्कराचे सैनिक तिथे कसे?

नॉर्थ डकोटाच्या नॅशनल गार्डची, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्याची, १६४वी इन्फन्ट्री रेजिमेंट १३ ऑक्टोबर १९४२ ला ग्वाडालकॅनालवर उतरली. त्याच रात्री जपानच्या कोंगो आणि हारुना या युद्धनौकांनी १४ इंची तोफांनी धावपट्टी भाजून काढली. बेटावरची पहिली रात्रच अशी गेली.

२५ ऑक्टोबरच्या पहाटेपूर्वी पुलर यांची रेषा ताणली गेली तेव्हा लेफ्टनंट कर्नल रॉबर्ट हॉल यांची बटालियन, म्हणजे १६४व्या रेजिमेंटची तिसरी बटालियन, मदतीला धावली. वाट माहीत होती ती फादर कीओ यांना, आणि ते नौदलाचे पाद्री. नौदलाच्या पाद्र्याने लष्कराच्या सैनिकांना अंधारातून मरीनच्या खंदकांपर्यंत नेलं.

बटालियनला स्वतंत्र भाग नेमून द्यायला वेळच नव्हता. मरीन सैनिकांच्या मधल्या जागांत हे सैनिक थोडेथोडे घुसवले गेले, काळोखात काहींना अक्षरशः हाताला धरून. एरवी असं करणं धोक्याचं. दोन दलांचे संकेत वेगळे, अधिकारी अनोळखी, आणि अनोळखी आवाजावर गोळी झाडली जाण्याची भीती. उजाडल्यावर रेषा पुन्हा नीट वाटून घेतली आणि पुढच्या रात्रीचा हल्ला दोन्ही बटालियननी आपापल्या भागात परतवला. पहिल्या मरीन डिव्हिजनला मिळालेल्या प्रेसिडेन्शियल युनिट सायटेशनमध्ये, म्हणजे संपूर्ण तुकडीला दिल्या जाणाऱ्या गौरवात, १६४व्या रेजिमेंटचाही समावेश आहे.

मरीननी लष्कराच्या रायफली पळवल्या म्हणतात, ते का?

ग्वाडालकॅनालवर मरीनची मुख्य रायफल होती स्प्रिंगफील्ड १९०३: पाच गोळ्या, प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने ओढायचा. १६४व्या रेजिमेंटकडे एम१ गॅरंड होती: आठ गोळ्या, ट्रिगर दाबत राहायचं. रात्रीच्या जवळच्या लढाईत हा फरक जीवघेणा ठरतो. लवकरच बऱ्याच गॅरंड मरीनच्या हातांत दिसू लागल्या.

तिन्ही हत्यारांची गोळी एकच, .३०-०६. म्हणजे ब्राउनिंगच्या पट्ट्यातली गोळी दोन्ही रायफलींत चालते. पण गॅरंडला आठ गोळ्यांची स्वतःची धातूची क्लिप लागते आणि ती क्लिप रायफलीच्या आत जाते. क्लिप नसेल तर एकेक गोळी भरावी लागते. रायफल पळवणाऱ्याला क्लिपाही पळवाव्या लागत.

नौदलाने मरीनना बेटावर सोडून दिलं का?

मरीनना तसं वाटलं आणि त्याला कारण होतं. ८-९ ऑगस्टच्या रात्री सावो बेटाजवळ जपानी ताफ्याने क्विन्सी, व्हिन्सेन्स, ॲस्टोरिया आणि ऑस्ट्रेलियाची कॅनबेरा अशा चार जड क्रूझर बुडवल्या. ॲडमिरल फ्लेचर यांनी विमानवाहू नौका आधीच मागे घेतल्या होत्या. ९ तारखेला ॲडमिरल टर्नर यांची मालवाहू जहाजंही निघून गेली, पोटात बरंचसं सामान तसंच घेऊन. मरीन दिवसाला दोन जेवणांवर आले, त्यातही जपान्यांच्या गोदामातला तांदूळ.

हा राग पुढे एका अनधिकृत पदकात उतरला. पहिल्या मरीन डिव्हिजनने ऑस्ट्रेलियात ‘जॉर्ज मेडल’ बनवून घेतलं. नौदल अधिकाऱ्याच्या बाहीतला हात गरम बटाटा खाली टाकतोय आणि मरीन तो झेलतोय, असं त्यावरचं चित्र.

पण हिशेबाची दुसरी बाजूही मांडायला हवी. ग्वाडालकॅनालच्या मोहिमेत जमिनीवर अमेरिकेचे सुमारे १,६०० सैनिक लढताना मेले. भोवतालच्या समुद्रात नौदलाचे जवळपास ५,००० खलाशी गेले. नौदलाने ऑगस्टमध्ये पाठ फिरवली असं ज्यांना वाटतं, त्यांनी नोव्हेंबरमध्ये त्याच पाण्यात काय झालं ते वाचावं.

ही चुरस सुरू कुठून झाली?

जून १९१८, फ्रान्समधलं बेलो वूड. मरीनची एक ब्रिगेड लष्कराच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये लढत होती. युद्धवार्तांवर सेन्सॉर होता. लष्करी तुकड्यांची नावं छापता येत नव्हती, पण ‘मरीन’ हा शब्द सुटला. अमेरिकेतल्या वाचकांना वाटलं की सगळं मरीननीच केलं. लष्करातल्या अधिकाऱ्यांची एक पिढी ही सल घेऊन मोठी झाली आणि दुसऱ्या महायुद्धात तीच सेनापती होती.

सायपानवर दोन स्मिथांचा वाद काय होता?

२४ जून १९४४. पॅसिफिकमधल्या सायपान बेटावर मरीन जनरल हॉलंड स्मिथ यांनी लष्कराच्या २७व्या डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल राल्फ स्मिथ यांना पदावरून हटवलं. ॲडमिरल स्प्रूअन्स आणि टर्नर यांची संमती होती. कारण असं दिलं की डाव्या-उजव्या बाजूच्या मरीन डिव्हिजन पुढे गेल्या आणि मधली २७वी मागे राहिली, त्यामुळे रेषा मध्ये वाकली.

नकाशा पाहिला तर मधला भाग म्हणजे टापोचाउ डोंगराच्या पायथ्याची उघडी दरी. दोन्ही बाजूंच्या कड्यांत गुहा, गुहांमध्ये मशीनगन. सैनिकांनीच तिला ‘डेथ व्हॅली’ नाव दिलं. अशा दरीतून सरळ पुढे जाणं म्हणजे दोन्हीकडून मार खाणं.

हवाई बेटांवरच्या लष्कराचे प्रमुख जनरल रिचर्डसन यांनी जनरल बकनर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ नेमलं. निष्कर्ष असा: हॉलंड स्मिथ यांना अधिकार होता, पण हटवण्याला वस्तुस्थितीचा आधार नव्हता. मंडळात सगळे लष्कराचेच अधिकारी होते, हेही सांगायला हवं.

७ जुलैच्या पहाटे जपान्यांचा शेवटचा मोठा हल्ला आला तो याच २७व्या डिव्हिजनच्या १०५व्या रेजिमेंटवर. तिच्या दोन बटालियन जवळजवळ संपल्या. लेफ्टनंट कर्नल विल्यम ओब्रायन, सार्जंट थॉमस बेकर आणि दंतवैद्य कॅप्टन बेन सॉलोमन यांना मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर मिळालं. सॉलोमन यांचं पदक यायला २००२ साल उजाडलं.

मग बरोबर कोण? मरीनची घाई की लष्कराचा संथपणा?

या प्रश्नाला धाडसाच्या मापाने मोजणं आम्हाला पटत नाही. फरक युद्धपद्धतीचा होता. लष्कर मोठ्या भूभागावर, भरपूर तोफखान्यासह, कमी माणसं गमावत पुढे सरकण्यासाठी घडलेलं. मरीन कोअर छोट्या बेटांसाठी घडलेलं. बेट पडेपर्यंत ताफ्याला किनाऱ्यालगत थांबावं लागतं आणि थांबलेलं जहाज हे पाणबुडीचं सोपं सावज.

नोव्हेंबर १९४३ मध्ये दोन्ही पद्धतींची किंमत एकाच आठवड्यात दिसली. तारावावर मरीननी ७६ तासांत बेट घेतलं आणि सुमारे हजार जण गमावले. माकिनवर २७व्या डिव्हिजनच्या सैनिकांनी सावकाश, थोड्या जीवितहानीत बेट घेतलं. पण २४ नोव्हेंबरला जवळच थांबलेली लिस्कम बे ही विमानवाहू नौका जपानी पाणबुडीने बुडवली आणि ६४४ जण मेले. एका दलाने वाचवलेले प्राण दुसऱ्या दलाच्या खात्यातून गेले. सायपानवर हॉलंड स्मिथ चिडले त्यामागे ही भीती होती. राल्फ स्मिथ यांच्यासमोर दरी होती. दोघांनाही आपापल्या जागेवरून जे दिसत होतं ते खरं होतं. चूक झाली ती माणूस हटवण्याआधी ती दरी नीट न पाहण्यात.

बॅसिलोन घरी परतल्यावर पुन्हा आघाडीवर का गेले?

पदक त्यांना मे १९४३ मध्ये ऑस्ट्रेलियात मिळालं. मग सरकारने युद्धरोखे विकण्यासाठी त्यांना अमेरिकाभर फिरवलं. सप्टेंबरमध्ये रॅरिटनने जंगी मिरवणूक काढली. अधिकारीपद देऊ केलं होतं, ते त्यांनी नाकारलं आणि लढणाऱ्या तुकडीत परत पाठवा अशी मागणी केली. कॅम्प पेंडल्टनमध्ये ते नव्या मुलांना मशीनगन शिकवू लागले. मरीन कोअरमध्येच सार्जंट असलेल्या लीना रिगी यांच्याशी १० जुलै १९४४ ला लग्न झालं.

१९ फेब्रुवारी १९४५ ला २७व्या मरीन रेजिमेंटसोबत ते इवो जिमावर उतरले. किनाऱ्यावर ज्वालामुखीची सैल राख, पाय घोट्यापर्यंत रुतायचे, खंदक खणला की कडा आत ढासळायच्या. उतरण्याआधी दहा दिवस तोफांचा मारा हवा, अशी मरीनची मागणी होती. नौदलाने तीनच दिवस दिले. बॅसिलोन यांनी एक काँक्रीटचा बुरूज उडवला, सुरुंगांत सापडलेल्या रणगाड्याला वाट दाखवली आणि धावपट्टीच्या कडेला पोहोचल्यावर उखळी तोफेच्या गोळ्याने मारले गेले, असं प्रशस्तिपत्र सांगतं. वय २८.

मेडल ऑफ ऑनर आणि नेव्ही क्रॉस यांत मोठं कोणतं?

मेडल ऑफ ऑनर सर्वोच्च, नेव्ही क्रॉस त्याखालोखाल. नेव्ही क्रॉस नौदल आणि मरीन कोअरसाठी, त्याच दर्जाचं लष्कराचं पदक म्हणजे डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस. बॅसिलोन यांना नेव्ही क्रॉस मरणोत्तर मिळालं. दुसऱ्या महायुद्धात ही दोन्ही पदकं मिळवणारे अधिकारी नसलेले ते एकमेव मरीन. पुलर यांना पाच नेव्ही क्रॉस मिळाले, आणि कोरियातल्या लढाईसाठी लष्कराचं डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉसही.

युद्धानंतर ही चुरस संपली का?

उलट ती संसदेत गेली. सैन्यदलांच्या एकत्रीकरणात मरीन कोअर नाममात्र उरेल अशी भीती होती. ६ मे १९४६ ला कमांडंट व्हँडेग्रिफ्ट यांनी सिनेटच्या समितीपुढे ठणकावलं की गुडघे टेकणं ही आमच्या कोअरची परंपरा नाही. १९५२ च्या कायद्याने किमान तीन डिव्हिजन आणि तीन हवाई विंग ठेवणं बंधनकारक झालं. १९४५ मध्ये ओकिनावात मात्र एक वेगळंच घडलं होतं. १८ जूनला जनरल बकनर मारले गेले आणि लष्कराच्या दहाव्या आर्मीची सूत्रं काही दिवस मरीन जनरल रॉय गायगर यांच्याकडे आली. लष्कराच्या सैनिकांनी त्यांचे हुकूम बिनतक्रार पाळले.

भारतात असं दल आहे का?

मरीन कोअरसारखं स्वतंत्र दल नाही. ‘मार्कोस’ हे नौदलाचे कमांडो, १९८७ मध्ये उभे राहिलेले. त्यांचा मुंबईजवळचा आयएनएस अभिमन्यू हा तळ मराठी वाचकांना ठाऊक असेल. पण ते छोट्या, खास मोहिमांसाठी आहेत. किनाऱ्यावर मोठं सैन्य उतरवायचं झालं तर ते काम लष्कराच्या प्रशिक्षित ब्रिगेडकडे येतं.

एखाद्या सैनिकाची मूळ नोंद कशी तपासायची?

आधी दल ठरवा, कारण कागद दलानुसार वेगळे आहेत. सेवानोंदी सेंट लुईसमधल्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरमध्ये असतात. अर्ज स्टँडर्ड फॉर्म १८० वर करायचा: पूर्ण नाव, जन्मतारीख, सेवाक्रमांक, सेवेचा काळ. सेवा संपून ६२ वर्षं झाली असतील तर नोंद कुणालाही मागवता येते, प्रतींचं शुल्क भरून.

१२ जुलै १९७३ ला तिथे आग लागली. १९१२ ते १९६० दरम्यान लष्करातून मुक्त झालेल्यांच्या सुमारे ८० टक्के फायली जळाल्या. मरीन कोअर आणि नौदलाच्या फायली वाचल्या. त्यामुळे मरीनची कागदपत्रं सहज हाती लागतात आणि १६४व्या रेजिमेंटमधल्या किंवा लष्कराच्या २७व्या डिव्हिजनमधल्या सैनिकाबद्दल ‘नोंद उपलब्ध नाही’ असं उत्तर येतं. याचा अर्थ तो तिथे नव्हता असा काढू नका. अशा वेळी तुकडीच्या हजेरीचे अहवाल, पगारपत्रकं आणि राज्याच्या नॅशनल गार्डचे कागद धुंडाळावेत. मरीनसाठी मस्टर रोल पाहावेत, त्यात महिन्यागणिक नाव, हुद्दा आणि तुकडी मिळते.

बॅसिलोन यांची समाधी आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत आहे: विभाग १२, क्रमांक ३८४.